एकच मूल, दोन फाइली: निरीक्षणगृहात नव्याने काम सुरू करणाऱ्यांसाठी

बाल न्याय मंडळाच्या टेबलावर एका मुलाची फाइल उघडी होती. वय १६, गुन्हा मोबाइल चोरीचा, पत्ता 'फिरस्ता'. त्याच आवारात, वऱ्हांडा ओलांडून चाळीसेक पावलांवर, बाल कल्याण समितीच्या कपाटात त्याची दुसरी फाइल होती. तिच्यात दोन वर्षांपूर्वीचं वय १२ लिहिलेलं, नावात एक अक्षर वेगळं, आणि पत्त्याच्या जागी सोलापूर जिल्ह्यातलं एक गाव, आईच्या फोन नंबरासकट. तो तेव्हा रेल्वे स्टेशनवर सापडला होता. बालगृहात सात महिने राहिला आणि एका सकाळी भिंत चढून निघून गेला.

मंडळाला ही फाइल माहीत नव्हती. तो परत सापडलाय हे समितीला माहीत नव्हतं. आठवड्यातून तीन दिवस मी त्याच वऱ्हांड्यातून ये-जा करत होते, मलाही माहीत नव्हतं. 'पालक मिळून येत नाहीत' या शेऱ्यावर तो एकोणीस दिवस निरीक्षणगृहात राहिला. विसाव्या दिवशी जेवणाच्या रांगेत तो मला म्हणाला, "ताई, त्या पलीकडच्या खोलीत माझा फोटो आहे. तिथं विचारा ना." तोवर त्याला कुणी काही विचारलंच नव्हतं, म्हणून त्यानेही सांगितलं नव्हतं.

तुम्ही एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या, फिल्डवर्कसाठी आला असाल, संस्थेचे कार्यकर्ते असाल, नवे परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) असाल किंवा फुकट कायदेशीर मदत देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनलवरचे नवे वकील असाल. त्या एकोणीस दिवसांतून जे शिकले ते तुमच्यासाठी पायरीपायरीने लिहिते आहे.

पायरी १: दोन टेबलं समजून घ्या

बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ हा कायदा १५ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. त्यात मुलांचे दोन गट येतात. ज्याच्यावर गुन्ह्याचा आरोप आहे ते 'विधिसंघर्षग्रस्त बालक'. ते बाल न्याय मंडळापुढे जातं. मंडळावर एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्या दोघांपैकी किमान एक महिला. ज्याला घर नाही, जे पळून आलंय, ज्याला घरात मारहाण होते, ज्याला भीक मागायला किंवा कामाला लावलंय, ज्याचं लग्न लावून देण्याचा घाट घातलाय, ते 'काळजी व संरक्षणाची गरज असलेलं बालक'. ते अध्यक्ष आणि चार सदस्यांच्या बाल कल्याण समितीपुढे जातं. आरोप असलेली मुलं निरीक्षणगृहात राहतात, दुसरी बालगृहात. बाहेरच्या जगात मात्र दोन्हींना 'रिमांड होम' म्हणतात आणि मुंबईत, तिथल्या निरीक्षणगृहामुळे, नुसतं 'डोंगरी' म्हटलं तरी पुरतं.

ही विभागणी चांगल्या हेतूने झाली. १९८६ च्या कायद्याने 'उपेक्षित' आणि 'अपचारी' असे दोन गट केले. २००० च्या कायद्याने मंडळ आणि समिती ही आजची जोडी आणली. भुकेलं पोर आणि आरोप असलेलं पोर एकाच कोठडीत नको, हा त्यामागचा विचार होता आणि तो योग्यच होता. पण कागदावरची भिंत पुष्कळदा एकाच मुलाच्या मधून जाते. ज्याला बापाने हाकललं तोच स्टेशनवर पाकीट मारतो. नव्या माणसाला हे पहिल्या आठवड्यात दिसतं. व्यवस्थेला मात्र ते रोज नव्याने दाखवून द्यावं लागतं.

म्हणून एक कलम पाठच करा: कलम ८, पोटकलम ३, त्यातला सातवा खंड. आरोप असलेलं मूल त्याच वेळी काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलंही असू शकतं, अशा वेळी मंडळ आणि समिती दोघांनीही त्यात लक्ष घालायला हवं, आणि चौकशीच्या कोणत्याही टप्प्यावर मंडळ ते प्रकरण समितीकडे पाठवू शकतं, असं तिथे स्पष्ट लिहिलं आहे. तुमच्या पुढच्या सगळ्या कामाचा पाया हाच आहे.

मंडळ कोणत्या वारी बसतं, समिती कोणत्या वारी, दोघांचे लिपिक कोण, हे पहिल्याच दिवशी वहीत लिहून घ्या. जिल्ह्याच्या ठिकाणी निम्मं काम यावरच होतं किंवा अडतं. स्वयंसेवक म्हणून जात असाल तर महिला व बाल विकास विभागाची लेखी परवानगी आणि अधीक्षकांची भेट आधी. ओळखीने आत शिरू नका.

पायरी २: पहिले २४ तास

पोलिसांनी मुलाला ताब्यात घेतल्यापासून प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत मंडळापुढे उभं करायचं असतं. लॉकअपमध्ये ठेवायचं नाही, बेड्या घालायच्या नाहीत, आणि त्याच्याशी बोलणारा बाल कल्याण पोलीस अधिकारी गणवेशात नसावा. निर्घृण नसलेल्या बहुतेक आरोपांत एफआयआरही नोंदवायचा नसतो. स्टेशन डायरीत नोंद करून मुलाच्या सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल मंडळाला पाठवायचा असतो. निर्घृण गुन्हा (ज्याला कायद्यात किमान सात वर्षांची शिक्षा आहे असा) असेल किंवा सोबत प्रौढ आरोपी असेल तरच एफआयआर.

हा सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल आधी वाचा. बहुतेक वेळा तो चार ओळींचा असतो, पण 'आई मयत', 'शाळा सोडली', 'मामाकडे राहतो' असे दोन शब्द त्यात सापडतात. मुलाच्या अंगावर मार दिसला तर लगेच मंडळापुढे सांगा आणि वैद्यकीय तपासणीची मागणी करा. दुसऱ्या दिवशी वळ फिके होतात.

फुकट वकील हा त्याचा हक्क आहे, उपकार नव्हे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला त्याच दिवशी अर्ज द्या. रस्त्यावरच्या मुलांसाठी १०९८ हा मदतीचा नंबर आजही चालू आहे.

पायरी ३: त्याच्याशी बोला, पण गुन्ह्यापासून सुरुवात करू नका

नवीन माणूस हमखास विचारतो, "का केलंस बाळा?" हा प्रश्न त्याला पोलिसांनी, शेजाऱ्यांनी, कदाचित आईनेही विचारून झालेला असतो आणि त्याचं उत्तर त्याने तयार ठेवलेलं असतं. शिवाय आरोप अजून सिद्ध झालेला नाही. कायदा त्याला निर्दोष धरूनच चालतो, आपणही तसंच धरायचं.

त्याऐवजी विचारा: काल रात्री कुठे झोपला होतास? घरी शेवटचं कधी जेवलास? शाळेत शेवटचं कोणत्या सरांनी शिकवलं? याआधी कधी अशा ठिकाणी राहिलायस का, कोणत्या गावात? गळ्यात काही बांधलंय, हातावर काही गोंदलंय, ते कुठे गोंदलं? एका मुलाच्या मनगटावरच्या मोडक्या अक्षरातल्या नावावरून आम्हाला त्याची बहीण सापडली होती, दुसऱ्याच जिल्ह्यातल्या मुलींच्या बालगृहात.

एक गोष्ट कटाक्षाने पाळा. "तू सांग, मी कुणालाच सांगणार नाही," असं वचन देऊ नका. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे ती कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे. आधीच सांगा, "काही गोष्टी मला पुढे सांगाव्या लागतील, पण कुणाला सांगतेय ते तुला विचारून, तुझ्यासमोर सांगेन." मुलं हे समजून घेतात. मोडलेलं वचन मात्र ती विसरत नाहीत.

पायरी ४: दुसरी फाइल शोधा

ही सगळ्यात कंटाळवाणी पायरी आहे आणि सगळ्यात मोलाची. समितीच्या लिपिकाकडे जा. नाव तीन-चार प्रकारे लिहून बघा: आडनावासह, आडनावाशिवाय, बापाच्या नावाने, मित्रांनी ठेवलेल्या नावाने. फोटो जुळवा. तो ज्या-ज्या गावांची नावं घेतो तिथल्या जिल्हा बाल संरक्षण कक्षाला फोन करा. बेपत्ता मुलांच्या नोंदीही तपासायला सांगा. बालगृहातून पळालेल्या मुलाची बेपत्ता म्हणून नोंद असायला हवी.

फाइल सापडली की ती मूळ ठिकाणाहून हलवू नका, त्यातल्या कागदांच्या प्रतींसाठी रीतसर अर्ज करा. मुलगा बाहेरच्या जिल्ह्यातला असेल तर कलम ९५ प्रमाणे, तिथल्या मंडळाशी किंवा समितीशी विचारविनिमय करून, त्याला त्याच्या जिल्ह्यात पाठवता येतं. पण आधी एवढं विचारा की तो तिथून पळाला का होता. मारणाऱ्या बापाच्या गावी पोचतं केलं म्हणजे काम झालं नाही.

पायरी ५: वय

पोलीस अंदाजाने वय लिहितात आणि मग तेच वय पुढच्या प्रत्येक कागदावर उतरत जातं. कलम ९४ मध्ये क्रम ठरलेला आहे: आधी शाळेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच वैद्यकीय चाचणी. ऊसतोड कामगारांच्या मुलांची शाळा अर्धं वर्ष सुटलेली असते, पण पहिलीत नाव घातलेलं असतं. त्या वाडीच्या जिल्हा परिषद शाळेत फोन करा. मुख्याध्यापक जुनं रजिस्टर काढून देतात, असा माझा अनुभव आहे. निर्घृण गुन्ह्यात १६ वर्षांवरच्या मुलाला प्रौढ म्हणून चालवायचं का, याची प्राथमिक तपासणी होते. तिथे एका वर्षाच्या चुकीने त्याचं सगळं आयुष्य बदलतं.

पायरी ६: घरी जा, मग लिहा

सामाजिक तपास अहवाल मंडळाला पहिल्या हजेरीपासून दोन आठवड्यांत हवा असतो. तो लिहिण्याची कायदेशीर जबाबदारी परिविक्षा अधिकाऱ्याची. पण एकेका अधिकाऱ्याकडे इतकी प्रकरणं असतात की संस्थेच्या कार्यकर्त्याने केलेली गृहभेट खूप उपयोगी पडते.

बरेच अहवाल फोनवर लिहिले जातात. 'आर्थिक परिस्थिती बेताची, वडील व्यसनी, मुलाला वाईट संगत.' ही तीन वाक्यं कोणत्याही मुलाला चिकटतात आणि कुणालाच काही सांगत नाहीत. मी ज्या मुलाबद्दल सुरुवातीला लिहिलं त्याच्या गावी आम्ही गेलो तेव्हा घर म्हणजे पत्र्याची एक खोली होती. आत सावत्र बाप, आई, तीन लहान पोरं. आईने त्याचं दप्तर खुंटीला टांगून ठेवलं होतं, चौथीच्या पुस्तकांसकट, उंदरांनी एक कोपरा कुरतडलेलं. ती म्हणाली, "तो आला की लागंल." सावत्र बाप दारात बसून होता, एक शब्द बोलला नाही. अहवालात आम्ही ते दप्तर लिहिलं, आणि बापाचं ते न बोलणंही लिहिलं. मुलगा आईकडे परत जाऊ शकतो का, आणि कोणत्या अटीवर, हे ठरवायला मंडळाला त्या दोन ओळींची मदत झाली.

तेव्हा अहवालात जे दिसलं ते लिहा. किती माणसं, किती खोल्या, रात्री कोण घरी असतं, शाळा किती अंतरावर, नातेवाइकांपैकी कोण ठामपणे म्हणतं की मी सांभाळतो. आणि मुलाच्या जमेची बाजूही लिहा. कोणी गॅरेजमध्ये पंक्चर काढायला शिकलेला असतो, कोणी लहान भावाला रोज अंघोळ घालत असतो.

जातीबद्दल एक सांगितलंच पाहिजे. पारधी आणि इतर भटक्या-विमुक्त समाजातली मुलं गावात चोरी झाली की आधी उचलली जातात. १८७१ पासून चालत आलेला गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण 'ह्यांचा धंदाच तो' हे वाक्य मी अजूनही अहवालांत वाचलं आहे. तुमच्या हातून ते लिहिलं जाऊ देऊ नका, आणि दुसऱ्याच्या अहवालात दिसलं तर मंडळाच्या निदर्शनास आणून द्या.

पायरी ७: मंडळासमोर काय मागायचं

मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरच्या अपघातानंतर, अल्पवयीन चालकाला जामीन देताना घातलेली निबंधाची अट घराघरांत चर्चेत आली आणि 'मुलांना लगेच जामीन मिळतो' असा समज पसरला. मला रोज दिसतं ते उलट आहे. ज्याचे आईवडील वकील घेऊन दारात उभे असतात तो सुटतो, ज्याला कुणी नाही तो राहतो. कायद्याला हे मान्य नाही. कलम १२ प्रमाणे जामीनदार असो वा नसो, मुलाला सोडता येतं, परिविक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली किंवा योग्य व्यक्तीच्या ताब्यात देता येतं. जामीन नाकारायचा तर कारणं मोजकी आहेत: सुटल्यावर गुन्हेगारांच्या संगतीत जाण्याची शक्यता, त्याला धोका, किंवा न्यायाचा हेतूच फसण्याची भीती. गरिबी आणि एकटेपणा ही कारणं त्यात नाहीत. आणि जामीन मंजूर होऊन सात दिवसांत अट पुरी करता आली नाही, तर अट बदलण्यासाठी मुलाला परत मंडळापुढे आणायचं असतं. हे सात दिवस तुम्ही मोजा, कारण दुसरं कुणी मोजत नाही.

घरी जाता येत नसेल तर कलम ८(३) खाली समितीकडे पाठवण्याची मागणी करा, म्हणजे तो निरीक्षणगृहाऐवजी बालगृहात किंवा नातेवाइकांकडे राहील. अर्ज एका पानाचा असावा. आधी तारखा, मग दुसऱ्या फाइलचा संदर्भ, मग घरच्या भेटीत काय दिसलं, मग नेमकी मागणी. दोन्हीकडची प्रत दोन्ही फाइलींना लावा आणि पोच घ्या.

चौकशी चार महिन्यांत संपवायची असते, फार तर आणखी दोन महिने. किरकोळ आरोपाची चौकशी त्या वाढीव मुदतीतही संपली नाही तर ती बंद होते. आरोप सिद्ध झाला नाही पण मूल उघड्यावर आहे असं दिसलं, तर कलम १७ खाली तेव्हाही समितीकडे पाठवता येतं. 'निर्दोष, मुक्त' असा आदेश घेऊन एखादं पोर संध्याकाळी फाटकाबाहेर एकटं उभं राहू नये, एवढं बघा.

मुलींसाठी थोडं वेगळं

मुली संख्येने कमी, म्हणून त्यांच्यासाठी जागाही कमी, आणि बऱ्याचदा घरापासून लांब. घरकामाला ठेवलेल्या मुलीवर चोरीचा आळ आला तर त्या घरात तिच्याशी कसं वागत होते, पगार कुणाच्या हातात जात होता, हे आधी विचारा. सतरा वर्षांचा मुलगा आणि सोळाची मुलगी पळून जातात तेव्हा मुलगा मंडळापुढे आणि मुलगी समितीपुढे उभी राहते. दोघांच्या घरचे दोन्हीकडे भांडत असतात. अशा वेळी मुलीला एकटीला, आईवडील खोलीबाहेर असताना, महिला कार्यकर्तीने भेटायला हवं. घरी गेल्यावर तिचं लग्न लावून देणार आहेत का, हा प्रश्न न विचारता तिला घरी पाठवू नये.

पायरी ८: त्याला कोणी पाठवलं?

चोरीचे मोबाइल कुणीतरी विकत घेतो. गांजाची पुडी पोराच्या खिशात कुणीतरी ठेवतो. मुलाला गुन्ह्यासाठी वापरणाऱ्या प्रौढाला कलम ८३ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख रुपये दंड आहे. मुलाकडून दारू किंवा अमली पदार्थांची ने-आण करून घेणाऱ्यासाठी कलम ७८ आहे. तरी पकडलं जातं ते पोर. मुलगा एखादं नाव सांगायला तयार असेल तर वकिलाशी बोलल्याशिवाय ते कुठेही लिहू नका, कारण तो सुटल्यावर त्याच गल्लीत जाणार असतो. त्याच्या सुरक्षिततेची सोय आधी, तक्रार नंतर.

पायरी ९: सुटल्यानंतरचे सहा महिने

इथे आपण सगळे कमी पडतो. आदेश झाला की फाइल बंद होते आणि पोर तिथेच परत जातं. तर आदेशाआधीच पुढच्या गोष्टी सुरू करा. आई एकटी किंवा आजारी असेल तर राज्याच्या बालसंगोपन योजनेतून महिना २,२५० रुपये मिळू शकतात. केंद्राच्या मिशन वात्सल्यमधून प्रायोजकत्वाचे ४,००० रुपये मिळू शकतात. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाला शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे वयानुरूप वर्गात घ्यावंच लागतं. जुन्या शाळेचा दाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही.

शाळेत घालताना तुम्ही कोण आणि मूल कुठून आलं हे मुख्याध्यापकांना सांगण्याची गरज नाही. कलम ७४ प्रमाणे अशा मुलाची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. वाढदिवसाचा केक कापतानाचा फोटो तुमच्या स्टेटसला टाकला तरी तो यात येतो. माझ्या ओळखीच्या एका भल्या कार्यकर्त्याने मुलांची चेहरा झाकून चित्रं टाकली होती. शर्टावरून शेजाऱ्यांनी ओळखलं.

पायरी १०: अठरावा वाढदिवस

बालगृहातल्या मुलांना या दिवसाची भीती वाटते. कलम ४६ खाली अनुरक्षणाची, म्हणजे संस्थेतून बाहेर पडल्यावरच्या मदतीची, सोय २१ व्या वर्षापर्यंत, अपवादाने २३ पर्यंत मिळते. तिचा अर्ज सतराव्या वर्षीच करा. सोबत आधार, बँक खातं, जातीचा दाखला आणि शाळेचे कागद एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून त्याच्या हातात द्या. ते फोल्डर त्याचं असतं, संस्थेचं नाही.

मागच्या वर्षी एक मुलगा पोलीस पडताळणीचा फॉर्म घेऊन माझ्याकडे आला. सिक्युरिटीच्या नोकरीसाठी हवा होता. एका रकान्यावर बोट ठेवून त्याने विचारलं, "ताई, इथं काय लिहू?" प्रौढ म्हणून खटला चाललेली १६ वर्षांवरची मुलं वगळता, कलम २४ प्रमाणे लहानपणीच्या त्या प्रकरणामुळे कोणतीही अपात्रता येत नाही. आम्ही वकिलांना विचारून कलम २४ ची प्रत आणि मंडळाचा आदेश अर्जाला जोडला. आता तो रात्रपाळीला एका सोसायटीच्या फाटकावर असतो, आणि त्या आदेशाची एक झेरॉक्स अजून पाकिटात घेऊन फिरतो.